संगणकांची उभारणी : हाताच्या कसबापासून लेखी प्रमाणापर्यंत

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा, वसंतातल्या संध्याकाळी ऐकण्याजोगा हा विषय आहे काय, अशी शंका कित्येकांच्या मनात आली असेल. इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि फार तर संतांची चरित्रे, अशी आपली समजूत असते. संगणक पूर्वी माणसे हाताने मांडीत, ते काम आता यंत्रे करू लागली, यात इतिहास तो काय, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु आपण बँकेतून पैसे पाठवितो, रेल्वेचे तिकीट काढतो, मुलांच्या परीक्षेचा निकाल पाहतो, त्या प्रत्येक वेळी कोठेतरी मांडून ठेवलेल्या शेकडो संगणकांच्या शिस्तीवर आपण विसंबून असतो. ही शिस्त कोणी लावली, कोणत्या गरजेपोटी लावली आणि तिचा लगाम आज कोणाच्या हाती आहे, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत.

विषय प्रथम थोडा उकलून सांगतो. एखाद्या बँकेला नवे काम सुरू करावयाचे आहे असे समजा. त्यासाठी संगणक हवेत. पण संगणक विकत आणून खोलीत ठेवले म्हणजे काम भागत नाही. त्यांवर कार्यप्रणाली चढवावी लागते, प्रत्येकाला जाळ्यातला पत्ता द्यावा लागतो, माहिती साठविण्याची जागा जोडावी लागते, कोणते दार उघडे ठेवावयाचे आणि कोणते बंद हे ठरवावे लागते, आणि आत कोणाला येऊ द्यावयाचे त्याची यादी करावी लागते. या सगळ्या खटाटोपाला मी येथे ‘उभारणी’ म्हणणार आहे. एका यंत्राची उभारणी एखादा कुशल माणूस दिवसभरात करील. परंतु शंभर यंत्रांची उभारणी दहा माणसांनी केली, तर ती शंभर यंत्रे एकसारखी होतील काय? होणार नाहीत. प्रत्येकाचा हात निराळा, प्रत्येकाची सवय निराळी.

हा प्रश्न आपल्याला अगदीच अपरिचित नाही. मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा आणि बंगालचा मण ब्याऐंशी पौंडांहून थोडा अधिक, अशी एके काळी या देशात स्थिती होती. पायली आणि शेर तर गावोगाव बदलत. घेणाऱ्याने ‘मण’ म्हणावयाचे आणि देणाऱ्याने ‘मण’ म्हणावयाचे, आणि दोघांच्या मनात निराळे वजन असावयाचे! १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि दशमान पद्धतीचे एकच माप देशाने स्वीकारले. संगणकांच्या जगाला आपला मण आणि शेर मोडून एक माप आणावयाला साठ वर्षे लागली, आणि ते काम अजून पुरे झालेले नाही. त्याचीच ही कथा आहे.

आरंभीचा संगणक ही एकेकटी, हाताने घडविलेली वस्तू होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक बांधला गेला, तो १९६० साली पूर्ण झाला आणि १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याच्यासारखा दुसरा नव्हता. म्हणून त्याच्यासाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीकडे चालण्याचा प्रश्नही नव्हता. परंतु जे कारखानदार संगणक विकत होते त्यांचीही गत फारशी वेगळी नव्हती. आयबीएम या अमेरिकन कंपनीच्या निरनिराळ्या यंत्रांचा आपसांत मेळ नसे. लहान यंत्र अपुरे पडले म्हणून गिऱ्हाइकाने मोठे घेतले, की सगळे काम पुन्हा नव्याने लिहिणे आले. ७ एप्रिल १९६४ रोजी या कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ नावाचे एक यंत्रकुटुंब जाहीर केले. त्यातली लहानमोठी यंत्रे एकच भाषा समजत. प्रमाणीकरणाची ही पहिली मोठी पायरी होय. मात्र हे प्रमाण एका कंपनीचे, तिच्या मालकीचे होते, एवढे येथे ध्यानात ठेवावे. पुढे याची आठवण होणार आहे.

त्याच सुमारास दुसरी एक कल्पना जन्मास आली होती. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठाच्या शताब्दीप्रसंगी बोलताना जॉन मॅकार्थी यांनी असे सुचविले की, टेलिफोनप्रमाणे गणनशक्तीही पुढेमागे सार्वजनिक सेवा म्हणून पुरविली जाईल. घरोघर विहीर खणण्याऐवजी नळ आणावा, असा हा विचार. परंतु इतिहास सरळ रेषेत चालत नाही. नळ येण्याऐवजी पुढची पंचवीस-तीस वर्षे विहिरींचीच संख्या वाढत गेली. संगणक लहान झाले, स्वस्त झाले, आणि प्रत्येक कचेरीत, प्रत्येक प्रयोगशाळेत त्यांची रांग लागली. एका अवजड यंत्राभोवती दहा माणसे असत, त्याऐवजी आता एका माणसाच्या गळ्यात शंभर यंत्रे पडली.

ही अडचण ज्यांना सोसावी लागली त्यांपैकी एक होते मार्क बर्जेस. नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठात ते पदार्थविज्ञानाचे संशोधन करीत होते आणि विभागातले संगणक सांभाळण्याचे कामही त्यांच्याकडे होते. यंत्रे निरनिराळ्या बनावटींची, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. १९९३ साली त्यांनी ‘सीएफएंजिन’ नावाचे साधन लिहिले. त्यामागचा विचार साधा पण दूरगामी होता, आणि तो समजला की पुढचे सर्व समजते.

गड्याला आपण दोन तऱ्हांनी काम सांगू शकतो. ‘हौदात दहा घागरी पाणी ओत’ ही एक तऱ्हा. ‘हौद भरलेला असू दे’ ही दुसरी. पहिली आज्ञा चुकून दोनदा दिली तर पाणी वाहून जाईल. मध्येच गडी निघून गेला तर किती घागरी झाल्या हे कोणास ठाऊक? दुसरी आज्ञा शंभरदा दिली तरी बिघडत नाही. हौद भरलेला असेल तर गडी काहीच करणार नाही. अर्धा असेल तर अर्धा भरील. पूर्वीचे तंत्रज्ञ यंत्राला पहिल्या तऱ्हेने सांगत : हे कर, मग ते कर, मग ते. बर्जेस यांनी दुसरी तऱ्हा आणली. यंत्र कोणत्या स्थितीत असावे ते लिहून ठेवावयाचे, आणि ते त्या स्थितीत आहे की नाही हे साधनाने वारंवार पाहून दुरुस्त करीत राहावयाचे. कृतीची यादी जाऊन स्थितीचे वर्णन आले. २००५ साली ल्यूक केनीज यांनी ‘पपेट’, २०१२ साली मायकेल डीहान यांनी ‘अ‍ॅन्सिबल’ ही साधने काढली. त्यांच्या मुळाशीही इष्ट स्थितीचा हाच विचार आहे.

तथापि येथवर यंत्र विकत आणणे, ते खोलीत बसविणे, तारा जोडणे ही कामे माणसालाच करावी लागत. ती अडचण दुसऱ्या वाटेने दूर झाली. एका भौतिक यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालविण्याची युक्ती आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी १९७२ सालीच बाजारात आणली होती. १९९९ मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने ती साध्या, स्वस्त संगणकांवर आणली. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहावीत, तसे. आता यंत्र ‘उभारणे’ म्हणजे पेटी उचलून आणणे नव्हे, तर एक आज्ञा देणे, असे झाले.

या दोन प्रवाहांचा संगम अ‍ॅमेझॉन या कंपनीत झाला. तेथे बेंजामिन ब्लॅक आणि क्रिस पिंकहॅम या दोघांनी २००३ साली एक छोटा निबंध लिहिला. कंपनीची सर्व संगणकसामग्री पूर्णपणे एका प्रमाणाची आणि पूर्णपणे स्वयंचलित असावी, आणि जमल्यास ती बाहेरच्यांनाही भाड्याने देता येईल, असा त्याचा आशय. पिंकहॅम यांना आपल्या देशी, दक्षिण आफ्रिकेत, परतावयाचे होते. तेव्हा केपटाउनमध्येच एक लहान गट बसविण्यात आला आणि त्याने ही सेवा घडविली. मार्च २००६ मध्ये माहिती साठविण्याची आणि ऑगस्ट २००६ मध्ये संगणक भाड्याने देण्याची सेवा सुरू झाली. मॅकार्थींचा नळ पंचेचाळीस वर्षांनी असा आला. त्यालाच लोक ‘क्लाउड’ म्हणू लागले.

कामाची पद्धत बदलली की माणसाची भाषाही बदलते. पूर्वी तंत्रज्ञ आपल्या सर्व्हरांना ग्रहांची, देवतांची नावे देत आणि आजारी पडलेल्या यंत्राची रात्र रात्र शुश्रूषा करीत. २०१२ च्या सुमारास अमेरिकन तंत्रज्ञांत एक दृष्टान्त प्रचलित झाला : पूर्वीचे सर्व्हर पाळीव मांजरासारखे, आताचे खिल्लारातल्या गुरांसारखे. मांजराला नाव असते, गुरांना नुसता आकडा असतो. मांजर आजारी पडले तर औषध द्यावयाचे, गुरू पडले तर दुसरे आणावयाचे! हा दृष्टान्त आपल्याकडच्या शेतकऱ्याला पटणार नाही. तो आपल्या बैलांना ढवळ्या-पवळ्या म्हणून हाक मारतो आणि पोळ्याला त्यांच्या शिंगांना रंग देतो. परंतु दृष्टान्त परका असला तरी त्यातला मुद्दा खरा आहे. ज्या यंत्राचे वर्णन लिहून ठेवलेले आहे, ते मोडले तर त्याच वर्णनावरून दुसरे उभे करता येते. ज्याची माहिती केवळ एका माणसाच्या डोक्यात आहे, त्याला मात्र तो माणूस रजेवर गेला की कोणी वाली नसतो.

प्रमाण नसले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअरांची उलाढाल करणारी मोठी पेढी होती. तिने आपल्या आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली चढविण्याचे ठरविले. हे काम हाताने करण्यात आले. सात सर्व्हरांवर ती चढली, आठव्यावर राहून गेली. त्या आठव्यावर एक जुनी आज्ञावली पडून होती. तिचा वापर २००३ सालीच थांबला होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडला आणि ती जुनी आज्ञावली जागी झाली. पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले आणि पेढीला सेहेचाळीस कोटी डॉलरांहून अधिक खोट बसली. पुढच्याच वर्षी ती पेढी दुसरीत विलीन झाली. अमेरिकेच्या नियामक मंडळाने चौकशी केली तेव्हा असे दिसले की, एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासावे असा लेखी नियमच तेथे नव्हता. एका माणसाच्या विसराळूपणावर सगळे खापर फोडणे सोपे आहे. पण आठ वेळा तेच काम न चुकता करण्याची अपेक्षा माणसाकडून ठेवणे, हीच मुळात चुकीची मांडणी नव्हे काय?

आता ‘हायब्रिड क्लाउड’, म्हणजे संमिश्र क्लाउड, याकडे वळू. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणसंस्थेने २०११ साली क्लाउडची जी व्याख्या केली, तीत खाजगी, सामुदायिक, सार्वजनिक आणि संमिश्र असे चार प्रकार सांगितले आहेत. संमिश्र म्हणजे काही यंत्रे स्वतःच्या घरी, काही भाड्याच्या जागेत, आणि दोन्हींचा व्यवहार जोडलेला. ही मिश्र अवस्था कोणाच्या हौसेतून आलेली नाही. घरच्या यंत्रांत पैसा गुंतलेला असतो, तो टाकून देता येत नाही. जुनी आज्ञावली हलविण्याचे धाडस होत नाही. कित्येकदा कायदाही आडवा येतो. आपल्या रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी आदेश काढून, पैसे चुकते करण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठविली पाहिजे असे सांगितले. माहिती कोठे ठेवावयाची हा तेव्हापासून केवळ सोयीचा प्रश्न राहिला नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली केंद्रे सुरू केली होती. म्हणजे ज्याला आपण आकाशातला ‘क्लाउड’ समजतो, त्याचा काही भाग आपल्याच प्रांतात जमिनीवर उभा आहे.

परंतु जोडणी म्हटली की मापांचा प्रश्न आलाच. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना मिरज जंक्शन आठवत असेल. तेथे एके काळी रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत. माप बदलले की डबा पुढे जात नाही. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो. संमिश्र क्लाउडचेही तसेच आहे. घरच्या यंत्रांना एका तऱ्हेने आज्ञा द्यावी लागते, अ‍ॅमेझॉनला दुसऱ्या, मायक्रोसॉफ्टला तिसऱ्या. वस्तू तीच, पण प्रत्येक घरी तिचे नाव वेगळे आणि मागण्याची रीतही वेगळी.

या अडचणीवर जे साधन सर्वाधिक प्रचारात आले ते ‘टेराफॉर्म’. मिचेल हाशिमोटो आणि अर्मोन दादगर यांच्या हाशिकॉर्प या कंपनीने ते जुलै २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची रीत अशी : आपल्याला काय काय हवे आहे ते एका साध्या मजकुरात लिहावयाचे. साधन आपल्याजवळ एक नोंदवही ठेवते. पूर्वी काय उभारले ते तीत असते. लिहिलेले, नोंदलेले आणि प्रत्यक्ष असलेले यांची ते तुलना करते आणि आधी एक आराखडा दाखविते : इतके नवे होईल, इतके बदलेल, इतके मोडावे लागेल. माणसाने संमती दिली म्हणजे मग ते कामाला लागते. प्रत्येक क्लाउडसाठी एक दुभाषा असतो, तो त्या त्या घराच्या बोलीत आज्ञा पोहोचवितो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या साधनाने सर्व क्लाउड एकसारखे झाले असे पुष्कळांना वाटते. तसे झालेले नाही. व्याकरण एक झाले, शब्दसंग्रह निराळाच राहिला. अ‍ॅमेझॉनसाठी लिहिलेला मजकूर मायक्रोसॉफ्टला जसाच्या तसा चालत नाही. मात्र लिहिण्याची, तपासण्याची आणि मंजुरी देण्याची रीत सर्वत्र एक झाली, हा लाभ लहान नव्हे. मजकूर लिहिलेला असल्यामुळे तो दुसऱ्याने वाचता येतो. कोणी, केव्हा, काय बदलले ते पाहता येते. ‘माहितीचे दार बाहेरच्यांना उघडे ठेवू नये’ असा नियम एकदा लिहिला की प्रत्येक मजकूर यंत्राकडूनच त्या नियमावर घासून घेता येतो. नाइट कॅपिटलमध्ये जी दुसरी नजर नव्हती, तिला येथे हक्काची जागा मिळाली.

मग सर्व संकटे टळली काय? तसे म्हणता येत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात एका कर्मचाऱ्याने नेहमीच्या रीतीप्रमाणे काही थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतला एक शब्द चुकीचा पडला आणि हवे होते त्याहून कितीतरी अधिक सर्व्हर बंद झाले. माहिती साठविण्याची सेवा कित्येक तास कोलमडली आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे बंद पडली. गंमत अशी की, सेवा बंद आहे हे सांगणारा कंपनीचा फलकही त्याच सेवेवर विसंबून असल्यामुळे काही वेळ बदलता येईना! हाताने काम करणाऱ्याची चूक एका यंत्रापुरती राहते. हजार यंत्रांना एकदम आज्ञा देणाऱ्याची चूक हजार ठिकाणी एकदम होते. कंपनीने पुढे त्या साधनालाच लगाम घातला : सर्व्हर सावकाश काढावेत आणि ठरावीक किमान संख्येच्या खाली जाऊ देऊ नये. अर्थात वेग मिळाला म्हणजे सावधपणाची गरज कमी होत नाही, वाढते.

दुसरे संकट मालकीचे. टेराफॉर्म हे आरंभापासून मुक्त परवान्याखाली होते. कोणीही वापरावे, बदलावे, त्यावर आपला व्यवसाय उभारावा. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशिकॉर्पने परवाना बदलला आणि आपल्याशी स्पर्धा करणाऱ्यांना मज्जाव केला. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे : आम्ही खर्चून घडवावे आणि दुसऱ्यांनी आयते विकावे, हे किती दिवस चालणार, असे तिचे म्हणणे होते. परंतु ज्यांनी आपली सगळी उभारणी या भाषेत लिहून ठेवली होती, त्यांच्या पायाखालची जमीन हलली. त्यांपैकी काहींनी जुन्या परवान्यातला शेवटचा मजकूर घेऊन ‘ओपनटोफू’ नावाची वेगळी शाखा काढली. सप्टेंबर २०२३ मध्ये लिनक्स फाउंडेशनने तिला आश्रय दिला आणि जानेवारी २०२४ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती बाहेर पडली. इकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये हाशिकॉर्प ही कंपनीच आयबीएमने विकत घेतली. अ‍ॅन्सिबल ज्या रेड हॅट कंपनीकडे होते, ती तर आयबीएमने २०१९ सालीच घेतली होती. १९६४ साली ज्या घराने संगणकांच्या प्रमाणीकरणाचे पहिले मोठे पाऊल टाकले, त्याच घरात साठ वर्षांनी या दोन्ही साधनांच्या किल्ल्या जाऊन पडल्या.

या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. एक अशी की, प्रमाण हे कोणाच्या तरी मालकीचे असले तर त्याची सोय घेताना आपण नकळत एक बंधनही पत्करतो. किलोग्रॅम कोणा एका व्यापाऱ्याचा नाही, म्हणूनच सर्व व्यापारी त्यावर विश्वास ठेवतात. उद्या तो एका पेढीच्या मालकीचा झाला आणि तिने त्याचे भाडे मागितले, तर आपण काय करू? संगणकांच्या जगात हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. ओपनटोफूची शाखा निघू शकली ती जुना परवाना मुक्त होता म्हणून. तो तसा नसता तर तक्रार करण्यापलीकडे कोणाच्या हाती काही नव्हते. आपल्या सरकारी कचेऱ्या, सहकारी बँका, विद्यापीठे आपली उभारणी कोणत्या भाषेत लिहून ठेवीत आहेत, आणि ती भाषा उद्या कोणी काढून घेऊ शकेल काय, हे विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे.

दुसरी गोष्ट कामगाराची. हाताचे कसब यंत्राकडे गेले म्हणजे माणूस निकामी झाला, अशी भीती प्रत्येक पिढीत व्यक्त होते, आणि ती सर्वस्वी खोटी नसते. ज्याचे काम तारा जोडण्याचे आणि पेट्या हलविण्याचे होते त्याची झळ त्यालाच ठाऊक. पण हौद भरलेला असावा की रिकामा, हे गडी ठरवीत नाही. यंत्र कोणत्या स्थितीत असावे, कोणाची माहिती कोठे राहावी, कोणते दार बंद असावे, हे लिहिणारा माणूसच आहे, आणि त्याने लिहिलेले तपासणाराही माणूसच असला पाहिजे. पूर्वी त्याचे ज्ञान बोटांत होते. आता ते कागदावर उतरले आहे, म्हणून ते शिकविता येते, सुधारता येते, आणि चुकले तर दाखविता येते. तरुण श्रोत्यांपैकी जे या व्यवसायात आहेत किंवा जाणार आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, आज्ञा लिहिण्याइतकेच दुसऱ्याची आज्ञा वाचून तपासण्याचे कामही मोलाचे माना. आठव्या सर्व्हराकडे पाहणारा कोणीतरी असावा लागतो.